लुगड्यावरची लाल माती

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो गेला. लेकीला तर नाहीच. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

डिचोलीकडच्या एका खाणीवर मी बरीच वर्षं काम केलं. लाल दगड फोडायचा, चांगला एका बाजूला, टाकाऊ दुसऱ्या बाजूला. लोक म्हणतात, पोरांसाठी राबली. मीही तसंच म्हणत आले. पण खरं काय होतं?

नवरा खनिज वाहून नेणाऱ्या बार्जीवर खलाशी. आठवड्याने घरी यायचा, पण पगार आणून हातात द्यायचा. चूल पेटत होती. मग मी का गेले?

सासू अंगावरून वारं जाऊन पडली होती. तिचं सगळं अंथरुणातच. तो वास, आणि दिवसभर तिची हाक — ‘गो सुने, गो सुने’. मला ते नको होतं. बस. खाणीवर उन्हात पाठ मोडायची, पण तिथे मला कोणी हाक मारत नव्हतं.

मग घरी कोण? शैला. माझी मोठी. तिला मी तिसरीतून काढली.

शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पाठवा. मी म्हटलं, “पोटाचा प्रश्न आहे, बाई.” त्या उठून गेल्या. शैला दाराआड उभी होती. तिने ते ऐकलं — आणि खरं मानलं.

एवढंच असतं तर मी कदाचित बोललेही नसते. पुढे गोव्याची राजभाषा कुठली, यावरून कोकणी-मराठीचं भांडण पेटलं. लोकांनी झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकली, खाणीचे ट्रक थांबले. सकाळी गेले तर मुकादमाने फाटकावरूनच परत पाठवलं, काम नाही म्हणून. बायका घरी वळल्या. मी नाही वळले. काशी म्हणून माझ्याबरोबरची एक होती, एकटी राहायची. तिच्या अंगणात काजूखाली आम्ही दोघी बसलो. उंडे, ते गोल पाव, चहात बुडवून खाल्ले.

काशी म्हणाली, “घराक कित्याक जाणंस नाय? सासू चाबता काय गो?”

“चाबाक दात खंय आसत तिचे!” मी म्हटलं. आम्ही पोट धरून हसलो. इतकी मी कधी हसले नव्हते.

तिन्हीसांजेला निघाले आणि बघते तर लुगडं स्वच्छ. खाणीवरून येणारी बाई स्वच्छ असते का कधी? केसांत, नखांत, पदरात, सगळीकडे ती लाल धूळ. मी रस्त्याच्या कडेला बसले. ओंजळभर माती घेतली. पदराला चोळली, गळ्याला लावली, थोडी केसांत घातली. कोणी बघत नाही ना, हे दोनदा पाहिलं.

घरी शैला विहिरीवर होती. आजीची घाण झालेली चादर धूत होती. दोराने तळहात सोलले होते. मला पाहून उठली.

“आये, दमलंस मां? बस थंय. च्या टाकतंय.”

मी बसले. मी चहा प्याले. तिने माझं लुगडं मागितलं, मी बदलून दिलं. ती ते धोंड्यावर आपटू लागली. सोललेल्या हातांनी. मी ओट्यावरून बघत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? नाही उघडलं. दुसऱ्या दिवशीही मी काशीकडेच गेले. येताना पुन्हा माती लावली. रस्ते मोकळे होईपर्यंत रोज.

भांडण मिटलं. गोव्याचं राज्य झालं. सासू मेली. पण तोवर शैला मोठी झाली होती, लहान पोरांत बसायला लाजली. मी चौथी शिकले. माझी लेक माझ्यापेक्षाही कमी शिकली, ते माझ्यामुळे.

परवा नात कॉलेजला जायला कुरकुरत होती. शैला तिला म्हणाली, “तुझ्या आज्येन आमच्यासाठी हाडां झिजवली. तिच्या लुगड्याची माती मी ह्या हातांनी धुतलंय. गुमान कॉलेजाक जा.”

नात माझ्याकडे बघू लागली. मी मान डोलावली.

ती माती मी लावली होती.