कागदावरचं चौथं नाव

आधी अक्कांचं सांगते, मग काय झालं ते. हुपरीजवळच्या या गावात आम्ही परभणीहून आलो, तेव्हा मुसलमान म्हणून खोली द्यायला कुणी तयार होईना. अक्का जैनांच्या, त्यांच्या घरी पैंजणांचा धंदा. त्यांनी घरमालकाला सांगितलं, "माझी माणसं हायत, दे की खोली." त्यांच्यामुळंच नवऱ्याला पॉलिशचं काम मिळालं आणि मला घरबसल्या पैंजणांना घुंगरं जोडायचं. पुढं गावात दगडफेक झाली, तेव्हा तीन दिवस त्यांनी आम्हाला आपल्या माडीवर ठेवून घेतलं. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. माझी लेक म्हणाली, "अम्मी, इथं रात्रीचं जेवण दुपारीच असतं का?" अक्का म्हणाल्या, "व्हय, आणि परत भूक लागली तर मला गुपचूप सांग. देवाला मी बघून घेते."

झालं ते असं. कुणीतरी मोबाईलवर काहीतरी ठेवलं, त्यावरून मोर्चा निघाला आणि मोर्चातली पोरं भरदुपारी आमच्या गल्लीत शिरली. दगडफेक केली, नवऱ्याची मोटारसायकल जाळली. चौथ्या दिवशी आमच्यातला एक जाणता माणूस तक्रारीचा कागद घेऊन आला. त्यात दगडफेक करणाऱ्यांची म्हणून आठ नावं होती, खाली नवऱ्यानं अंगठा द्यायचा होता. नवरा शाळेत गेलेला नाही. मी सातवीत शाळा सोडली, पण घरातला कागद मीच वाचते. हाही मीच वाचला. चौथं नाव समोरच्या मावशींच्या मुलाचं होतं.

या मावशी त्यांच्या उंबऱ्यात बसून पैंजणांच्या कड्या जुळवायच्या, मी माझ्या उंबऱ्यात घुंगरं जोडायची, आणि दिवसभर रस्त्याच्या अल्याड-पल्याड आमचं बोलणं चालायचं. दगडफेकीच्याच दिवशी सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "पोरगं मामाकडं गेलंय शाहूवाडीला, भात लावायला. घर कसं गप्प हाय बघ." म्हणजे तो गावात नव्हता. आमच्या बाजूला हे फक्त मला माहीत होतं.

नवऱ्यानं विचारलं, "बरोबर लिहिलंय ना?"

कागद आणणारा समोर बसलेला. मी नाही म्हटलं तर आपलेही लोक आपले राहणार नाहीत, एवढंच डोक्यात आलं. परभणीत परत जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यानं अंगठा दिला.

मावशींच्या मुलाला पोलिसांनी नेलं. मामानं येऊन सांगितलं, पण मामाचं कोण ऐकतं. जामीन झाला. तो दोन वर्षं पहाटे उठून भरतीसाठी पळत होता. केस असलेल्याला भरतीत कोण घेणार? आता तो पळत नाही.

मग गावात शांततेची बैठक झाली. चहा झाला, दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी खांद्यावर हात टाकून फोटो काढले. अक्का बैठकीला गेल्या नाहीत. त्यांनी एकच माल आम्हा दोघींना दिला. मावशींनी कड्या जुळवायच्या आणि घुंगरांसाठी स्वतः माझ्याकडं आणून द्यायच्या. म्हणाल्या, "हाताला हात लागला की तोंड आपोआप सुटतंय."

मावशी यायच्या, माल उंबऱ्यावर ठेवायच्या, वळायच्या. महिनाभर हाताला हात लागला नाही.

शेवटी अक्कांनी दोघींना आपल्या सोप्यात बसवलं. मावशी म्हणाल्या, "मला भांडायचं न्हाय. तुझ्या माणसाला वाचता येत न्हाय, मला ठाऊक हाय. कागद कुणी वाचला तेवढं सांग."

माझ्याआधी अक्काच बोलल्या, "तिला काय इचारतीस? भ्यालेली पोर ती."

मी म्हटलं, "मीच वाचला, मावशी."

"पोराचं नाव दिसलं?"

"दिसलं."

"आणि त्यो कुठं गेलता, मीच सांगितलतं की तुला."

"हो."

मावशी रडल्या नाहीत. पदर सावरून उठल्या. "अक्का, आजपास्नं माझा माल दुसऱ्या कुणाला द्या. हिच्या हातचं घुंगरू माझ्या कडीला नको."

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मावशी आता परसात बसून काम करतात, पुढचं दार लावलेलं असतं. नवरा म्हणतो, "आता आपल्यावरच उलटवतील." गल्लीतले म्हणतात, कोर्टात तोंड उघडलंस तर इथं राहायचं नाही. अक्कांचा पुतण्या त्यांना माझ्यादेखत म्हणाला, "काकू, पावण्यांनी चांगले पांग फेडले की." अक्का मला काम द्यायच्या थांबल्या नाहीत, आणि सोप्यातल्या त्या दिवसाबद्दल एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

केसची तारीख अजून लागलेली नाही. लागेल तोवर त्या मुलाचं भरतीचं वय निघून जाईल, आणि मावशींचं माझ्याशी बोलणं काही परत यायचं नाही. मला धीर होईल की नाही, हेही रोज सकाळी वेगळं वाटतं. तरी अक्का, तुम्हाला एक सांगते. माझ्यापायी तुम्हाला घरच्यांचं ऐकून घ्यावं लागलं. नवरा आला नाही तर मी एकटी कोर्टात जाईन, आणि तो मुलगा त्या दिवशी शाहूवाडीला होता, हे मला माहीत होतं, असं साहेबांसमोर सांगीन. तुमचे उपकार मी एक दिवस एवढे तरी फेडीन.