तिसऱ्या कागदामागचं पान

प्रसूतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर, वजनकाट्याला लागून, एक बिनपाटीची खोली होती. पाटी मुद्दामच लावली नव्हती. आत बसणाऱ्या समुपदेशक बाईंचं म्हणणं, 'नको असलेलं गरोदरपण' असं लिहिलेल्या दारातून कोण शहाणी आत येईल? सगळे त्यांना ताई म्हणत. नर्सेस पाठीमागे 'तीन कागद' म्हणत, आणि ते ताईंना पक्कं ठाऊक होतं.

त्यांची पद्धतच तशी होती. समोर बसलेल्या बाईला तीन कागद समजावून सांगायचे. पहिला, मूल आपणच वाढवायचं तर मदत कुठे मिळेल. दुसरा, वेळेत असेल तर गर्भपात. तिसरा, मूल दत्तक देणं. मग "चहा आणते" म्हणून बाहेर पडायचं आणि चांगली दहा मिनिटं फिरकायचं नाही. चहाचं मशीन दाराबाहेरच होतं, पण ती दहा मिनिटं त्या बाईची. परत आल्यावर वर कुठला कागद आहे ते पाहायचं आणि बोलणं तिथून पुढे न्यायचं. आपलं मत द्यायचं नाही आणि स्वतःचं काही सांगायचं नाही, हे दोन नियम अठरा वर्षांत त्यांनी मोडले नव्हते.

दुसरा नियम मात्र त्यांना जड जायचा. ताई स्वतः दत्तक होत्या. चार महिन्यांच्या असताना आईच्या मांडीवर आल्या. ही आई आता ऐंशीला टेकली होती, आणि रोज एकच्या ठोक्याला फोन करून "जेवलीस का?" विचारायची. हो म्हटलं तरी विश्वास ठेवायची नाही. आपल्या बोलण्यामुळे एखादी पोर दत्तकाकडे ढकलली जाईल, या धास्तीने ताई तिसरा कागद भराभर उरकायच्या. आपण तो उरकतो, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

ते ध्यानात आणून दिलं बेकरीतल्या मुलीने. बावीस वर्षांची, सातवा महिना, एकटी आलेली. दुसऱ्या कागदाची वेळ केव्हाच निघून गेली होती, म्हणून टेबलावर दोनच कागद होते. ताई चहा घेऊन परत आल्या तेव्हा तिसरा वर होता.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"तो पहिला तुम्ही अर्धा तास सांगितलात. हा दोन मिनिटांत गुंडाळलात. वाईट असतं का हे?"

पोरीने चोरी बरोबर पकडली होती.

"वाईट नसतं. चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगते. सावकाश."

आणि खरंच सावकाश सांगितलं. सही बाळंतपणानंतरच करायची, आधी नाही. सही केल्यावरही मन बदलायला मुदत असते. घेणाऱ्यांचं घर, माणसं, सगळं कसून तपासतात. बाळाची फाइल जपून ठेवतात आणि मोठं झाल्यावर त्याने मागितली तर दाखवतात.

मुलगी मन लावून ऐकत होती. "मी बहिणीकडे राहते," ती म्हणाली. "तिची दोन पोरं, सासू, त्यात मी. दिवसभर बेकरीत उभी असते. त्याला कुणाकडे ठेवू? सगळ्या बाजूंनी विचार केला मी. फक्त एका ठिकाणी अडतंय. मोठं झाल्यावर त्याला वाटेल ना, आईने मला टाकलं म्हणून?"

तिसाव्या वर्षी ताईंनी स्वतःची फाइल काढून पाहिली होती. शेवटच्या पानावर 'बाळासाठी निरोप' असं छापलेलं होतं आणि खाली आठ रेघा, आठही कोऱ्या. त्या दिवशी घरी येऊन त्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडल्या होत्या. आई नुसती केसांवरून हात फिरवत राहिली.

"वाटेल कधीतरी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पण तेव्हा हातात काहीतरी असलं, तर बरं पडतं."

कपाटातून फॉर्म काढून त्यांनी ते शेवटचं पान तिच्यापुढे ठेवलं. "हे भरायलाच हवं असं नाही, म्हणून मी कधी कुणाला दाखवलंच नाही." बोलता बोलता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या घाईपायी किती पोरांची पानं कोरी गेली असतील, देव जाणे.

"मला नाही हो लिहिता येत चांगलं."

"चांगलं नकोच आहे. त्याच्याबद्दल तुला एकटीलाच माहीत आहे असं काहीतरी लिही. आणि लिहिलं म्हणजे द्यायलाच हवं, असं नाही हं. ठेवून घेतलंस तर तूच सांग त्याला."

मुलीने पान जवळ घेतलं. "हातात काही असलं तर बरं पडतं, हे तुम्हाला कसं माहीत?"

"चहा गार झालाय," ताई म्हणाल्या. "दुसरा आणते."

या खेपेला त्या पंधरा मिनिटं बाहेर थांबल्या. परत आल्या तेव्हा पान उलटं ठेवलेलं होतं. निरोपात नाव-पत्ता चालत नाही, म्हणून त्यांना तो वाचावाच लागणार होता. मोठ्या, वाकड्या अक्षरात तीन ओळी होत्या.

'भट्टीचं दार उघडलं की तू लाथ मारतोस, किंवा मारतेस. तुला तो वास आवडत असणार. म्हणून मी तिथे उगाच जास्त वेळ उभी राहते.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. नाव नव्हतं, पत्ता नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चालेल ना?" मुलीने विचारलं. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या पानावर काय लिहिलं होतं?"

अठरा वर्षांचा नियम होता. ताई म्हणाल्या, "काहीच नाही."

मुलीने पान परत आपल्याकडे ओढलं, पेन घेतलं आणि खाली उरलेल्या पाच रेघा भरायला लागली. एक वाजला होता. टेबलावरचा फोन वाजत होता, वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता. ताईंनी तो उचलला नाही. पोरीचं लिहून होईपर्यंत आईला आज थांबावं लागलं.