बोथट गळ

माझ्या साडूंइतका नोकरीशी प्रामाणिक माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो निदान घराबाहेर नोकरी करत असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला खडकीत, नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि ऑफिस गेली काही वर्षं त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत. आपण घरून काम करतो म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात लॅपटॉप उघडतो. हे गृहस्थ रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, पट्टा, बूट असा जामानिमा करून स्कूटर काढतात, खडकी स्टेशनला वळसा घालतात आणि पुन्हा स्वतःच्याच घरी येऊन मागच्या खोलीत कामाला बसतात. "अहो, पण कशासाठी?" असं मी एकदा विचारलं. "पायरी न उतरता मिळवलेला पगार मला पचत नाही," असं उत्तर मिळालं. एकदा स्टेशनपाशी स्कूटर पंक्चर झाली, तेव्हा त्यांनी साहेबाला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं होतं. साहेब बसतो बंगळुरूला. हे कुठून निघून कुठे पोचणार होते, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

ऑफिसच्या वेळात खासगी काम नाही, हा त्यांचा दुसरा नियम. शेअर बाजार नेमका त्याच वेळात उघडा असतो, ही त्यांची खरी पंचाईत. त्यावर तोडगा म्हणून गुंतवणुकीच्या खात्याला त्यांनी ताईचा, म्हणजे आपल्या बायकोचा, मोबाईल नंबर देऊन टाकला. चहाच्या सुट्टीत ते मागच्या खोलीतून खरेदी करायचे आणि ती पक्की करायचा ओटीपी स्वयंपाकघरात ताईच्या फोनवर यायचा. ती कणकेच्या हातांनी फोन धरून तिथूनच ओरडायची, "चार, सात, शून्य, दोन, दोन, एक. आता काय घेतलंत?" घ्यायची रीतही जगावेगळी. कुकरच्या कंपनीचा शेअर घ्यायचा म्हणून त्यांनी आठवडाभर दोन्ही वेळा खिचडी खाल्ली. रंगाच्या कंपनीसाठी गल्लीतल्या नव्या भिंतींवर हात फिरवत हिंडले आणि एका घरमालकाशी त्यावरून त्यांची चांगलीच जुंपली. विकायचं मात्र नाव नाही. भाव चढला तरी नाही, पडला तरी नाही. "लग्नात आलेली भांडी मोडीत काढतं का कोणी?" म्हणायचे. ताई मला हळूच म्हणायची, "मला पसंत केलं तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती हो यांनी."

मासेमारीचं खूळ ताईनेच लावलं. काम संपलं की हा माणूस स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं घट्ट लावत बसायचा. वैतागून तिने त्यांच्या वाढदिवसाला गळ आणून दिला आणि "रोज तासभर नदीवर जाऊन बसा, मला मोकळं सोडा," असं बजावलं. साडू पक्के शाकाहारी. गांडूळ हातात धरवेना, म्हणून ताईकडून कणकेच्या गोळ्या घेऊन जायचे. पहिल्याच दिवशी एक चिलापी मासा लागला. त्याच्या ओठातलं रक्त पाहून ते इतके कासावीस झाले की घरी येऊन त्यांनी कानशीने गळाचं टोक घासून बोथट करून टाकलं. तेव्हापासून मुळा नदीतले मासे येतात, कणीक खातात आणि जातात. काठावरचे बाकीचे लोक हसतात. "धरायचेत कोणाला?" साडू म्हणतात. "मला तासभर बाहेर बसायला सांगितलंय."

ताईला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. आजार साधा वाटला होता, पण तीन आठवड्यांत सगळं संपलं. साडूंचा दिवस वरवर तसाच आहे. बूट, स्कूटर, स्टेशनचा वळसा, मागची खोली. कणीक आता स्वतः मळतात, ती सैल होते आणि गळाला नीट चिकटत नाही. बाजाराकडे मात्र त्यांनी ढुंकून पाहिलेलं नाही. खात्यावर नॉमिनी म्हणून अजून ताईचंच नाव आहे. त्यांना मूलबाळ नाही, उद्या काही झालं तर सगळं अडकून पडायचं. ताईच्या जागी त्यांच्या पुतणीचं नाव घालायचं असं सगळ्यांच्या मताने ठरलं. पण एरवी प्रत्येक फॉर्म मुदतीच्या आधी भरणारा हा माणूस "उद्या बघू" म्हणत वर्षभर ते टाळत राहिला. शेवटी बायकोने मला पिटाळलं. "भावजींचं तेवढं काम करूनच या," म्हणाली.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी नदीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. काठाला जलपर्णी साचली होती, पाण्याला वास येत होता. मी चाचरत विषय काढला. त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "मी सांगतो, तुम्ही भरा." पुतणीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं तोंडपाठ. मला वाटलं, सुटलो. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, दहा मिनिटांत भरावा.

साडूंच्या कापडी पिशवीत, कणकेच्या डब्याशेजारी, फोन वाजला. ताईचा फोन. पूर्ण चार्ज केलेला, तेच गुलाबी कव्हर, कव्हरच्या कडेला वाळलेली कणीक.

"दर महिन्याला रिचार्ज करतो," ते पाण्याकडे बघत म्हणाले. त्यांनी फोन हातात घेतला, पण आकडे वाचले नाहीत. नुसता अंगठा त्या वाळलेल्या कणकेवरून फिरवत राहिले. "हे ती वाचायची हो," एवढंच म्हणाले. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. सहाच आकडे होते, मला वाचता आले असते. पण तिच्या जागी बसून ते मी वाचायचे आणि तिचंच नाव पुसायचं, हे माझ्याने होईना. गळाच्या दोरीवरचं लाल बूच दोनदा हललं. कोणीतरी कणीक खाऊन गेलं. आम्ही दोघं दहा मिनिटं तसेच बसून राहिलो. मुदत संपल्याचं पडद्यावर आलं तेव्हा साडूंनी दोन्ही फोन पिशवीत ठेवले, दोरी गुंडाळली आणि घड्याळ पाहिलं. "तास झाला," म्हणाले.

घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती.

"झालं का?"

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

खडकीत, उघड्या नदीकाठी रेंज नाही, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. एरवी उलटतपासणीशिवाय तिने मला आत घेतलं नसतं. आज ती "बरं झालं," म्हणाली, आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्यासमोर हुंदके देऊन रडली.