हळदीचा कागद

त्यांच्या उजव्या हाताची बोटं बारमाही पिवळी असत. लग्नसराईत कुणी नवखा भेटला की विचारी, "कोणाच्या घरची हळद आटोपून आले, मास्तर?" मास्तर शांतपणे म्हणत, "जमिनीच्या." विचारणारा गोंधळून जाई आणि आम्ही फुलसावंगीची माणसं गालातल्या गालात हसून घेत असू. गावानं त्यांचं नाव हळदमास्तर ठेवलं ते यावरूनच.

आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. यवतमाळात त्यांच्या घरी दोन पिढ्या कचेरीतल्या नोकऱ्या. शेताशी संबंध भाजीपुरता. पण इथं बदलून आले आणि मातीच्या नादी लागले. शाळा सुटली की सायकलला घमेलं अडकवून ते आमच्याच वावरात जात. वावर माझा मोठा भाऊ, दादा, कसायचा. युरिया फेकलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत मास्तर घमेलं पालथं घालत, आतून हळदीच्या पाण्यात बुडवलेली कागदाची पट्टी चिकटवत आणि कडेनं माती लिंपत. दोन-तीन दिवसांनी घमेलं उचललं की पट्टी लाल झालेली असे. "चुन्यानं हळदीचं कुंकू होते ना, तसंच अमोनियानं होते," ते सांगत. "उघड्यावर टाकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जाते. त्यात आपली काळी जमीन चुनखडीची. पऱ्हाटीच्या तोंडचा घास हवा खाते."

"नाकावर विश्वास ठेवा, पण अर्धाच," हे त्यांचं पालुपद. अमोनियाचा वास तरी येतो. खत घातलेल्या जमिनीतून नायट्रिक ऑक्साइड निघतो त्याचा कुणाला पत्ताही लागत नाही. तो आतल्या गाठीचा, असं मास्तर म्हणत. हवेत येऊन तो उन्हात इतर वायूंशी संगनमत करतो आणि आपण श्वास घेतो त्या हवेत ओझोन तयार होतो. "आभाळातला ओझोन आपली छत्री, खालचा आपला खोकला." राजूरच्या कोळशाच्या खाणीकडचे पाहुणे धुळीचं गाऱ्हाणं करू लागले की ते म्हणत, "तुमचं दिसते तरी. वावराले धुराडं नसते, म्हणून त्याच्यावर कोणी वहीम घेत नाही." मला त्यातलं अर्धंमुर्धंच कळे, पण ऐकत बसायला आवडे.

ती वर्षं कापसाची वाईट होती. पारावर बसलेली माणसंसुद्धा हळू आवाजात बोलत. पीक हातचं जाऊ नये म्हणून जो तो खताचा हात सैल सोडी, आणि दादा त्यात सगळ्यांच्या पुढे. "मास्तर, तुमची पट्टी लाल होते, पण खत नाही टाकलं तर माह्यं वावर पिवळं पडते. त्याचं काय करू?"

"टाका ना भाऊ. पण मातीआड करा."

"एकेका झाडापाशी खड्डा कराले टाइम कोणाले हाये?"

मास्तर घमेलं उचलून पुढच्या ओळीत जात. त्यांना दुसरं काही नको होतं. आपली बदली व्हायच्या आत गावातल्या एका तरी शेतकऱ्यानं खत झाकून द्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणून एका रविवारी त्यांनी शेतकऱ्यांना शाळेच्या अंगणात बोलावलं. सकाळीच वावरातून पट्टी काढून आणली होती, आजवरची सगळ्यांत लाल. ती सदऱ्याच्या खिशात घालून सायकलनं उन्हातून आले, अर्धा तास बोलले, आणि मग खिशात हात घातला. पट्टी पिवळी निघाली. आधी हसला तो दादाच. "मास्तर, ही तर पिवळीधम्मक हाये. ऊन लागलं का तुमाले?"

मास्तरांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "कागदावरूनही उडाला तो अमोनिया," ते म्हणाले. "हेच तर सांगून राह्यलो मी." पण लोक तोवर उठले होते. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. एसटीत चढताना त्यांनी घमेलं दादाच्या हातात दिलं. "राहू द्या, भाऊ. पालथं घालाच्या कामी येईल." दादानं ते घरी आणून शेण भरायला लावलं.

चार-पाच वर्षांनी श्रावणात मास्तर गेल्याचा निरोप आला. दादानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो आणि वहिनी खुरप्यानं पऱ्हाटीच्या बुडाशी खड्डे करून खत मातीआड करताना दिसले. संध्याकाळी तो माझ्या बायकोकडे चिमूटभर हळद मागून गेला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो शाळेत आला. चिखलाचे पाय म्हणून वर्गाच्या दाराशीच थांबला. हातात ओली पट्टी होती, पिवळी.

"वाटेत उडाला असेल," मी म्हणालो.

"नाही. घमेलं उचललं तवाच पाह्यलं मी, पिवळीच होती. खत जमिनीतच हाये." त्यानं पट्टी माझ्या हातात ठेवली. "मास्तरले दाखवाची होती रे."