शून्याकडे जाणारं उत्तर

साठ सालच्या आसपास मी तापीकाठच्या प्रकाशा या गावाजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. दिवसभर पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं आणि संध्याकाळी स्वतःचं एकच समीकरण घेऊन बसायचं, असं चार वर्षं चाललं. त्यात एखाद्या राशीचा आजचा बदल तिच्या कालच्या किमतीवर ठरे. शिवाय काल ती किती वेगानं बदलत होती, त्यावरही. समीकरण तिसऱ्या क्रमाचं. त्याचं प्रत्येक उत्तर शून्याच्या वर-खाली कायम हेलकावत राहतं, हे मला सिद्ध करायचं होतं. "सिद्धता टिकली तर कॉलेजातली जागा तुमची," असं पुण्याच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांनी कळवलं होतं. मला इथून सुटायचं होतं, बस्स.

वडील दर उन्हाळ्यात तापीच्या पात्रात टरबुजं लावत आणि रोज सकाळी घाटाच्या दगडावर पाण्यालगत चुन्याची रेघ मारत. वर बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की आमच्याकडे पाणी दोन दिवसांनी चढे. "नदी कितलीबी उतरो, परत चढसच," ते म्हणत. हे ऐकतच मी वाढलो. त्यामुळे एखादं उत्तर उतरेल आणि परत चढणारच नाही, ही शक्यता मी तपासलीच नाही. 'हे उघड आहे' असं लिहिलं आणि पान उलटलं.

वैशाखात, पाठवलेली सिद्धता वाचून प्राध्यापकांचं कार्ड आलं. त्यांनी एक साधं उत्तर सुचवलं होतं: सतत कमी होत जाणारं, शून्य कधीच न ओलांडणारं. मी ते समीकरणात घातलं. सहगुणक नीट निवडल्यावर दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या आणि माझी सिद्धता कोसळली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते उत्तर. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मला रडू आलं. सदतिसाव्या वर्षी आणखी चार वर्षं कुठून आणायची?

कार्ड हातात घेऊन तसाच नदीवर गेलो. चुन्याच्या रेघा रोज बोटभर खाली सरकत गेलेल्या. वडील वेलांत बसले होते.

"कार्डमा काय शे?"

"पुणानं काम नही व्हयनं, आबा."

"मंग तू आठेच ऱ्हाशी?"

"हां."

त्यांचा चेहरा उजळला. चार वर्षं मी जाईन याची धास्ती त्यांनी मनात ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मळ्यातलं सगळ्यात मोठं टरबूज फोडून माझ्यापुढं धरलं. मी उभ्याउभ्याच खाल्लं. गोड होतं, आणि त्याचाच मला राग आला.