माझा खेळांचा अनुशेष आणि वाहून गेलेलं पाणी

आमच्या गल्लीत पाणी वाया घालवणाऱ्याला 'जनतेचा शत्रू' म्हणतात. हा शब्दप्रयोग मूळ माझा आहे, आणि सध्या तो फक्त माझ्यासाठीच वापरला जातो.

आधी माझ्या जडणघडणीविषयी. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात होते, आणि सभा-मोर्चांची पत्रकं वाटणं हे त्यांचं दुसरं, बिनपगारी आणि खरं काम होतं. उरलेली पत्रकं घरी यायची. माझ्या वह्यांना पत्रकांचीच कव्हरं, डब्यातल्या पोळीखाली पत्रक, खिडकीच्या फुटक्या काचेला पत्रक. मला अक्षरओळखच 'जाहीर निषेध'मधल्या 'ज'पासून झाली! साहजिकच मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. हल्लीचंच एक पाण्यावर होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'नळ उघडा टाकून थेंबभर पाणी वाया घालवणारा जनतेचा शत्रू आहे!' आमच्या भागात नळाला पाणी आठवड्याने येतं, त्यामुळे ते पत्रक फार गाजलं. घरोघरी मी स्वतः वाटलं. शेजारच्या शकिला खालांना मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून त्यांना तर दारात उभं राहून वाचून दाखवलं. (दोनदा. त्यांनी मागितलं नव्हतं.)

पुढचं पत्रक व्हिडिओ गेमविरुद्ध लिहायचं ठरलं. मथळा तयार होता: 'तरुणांनो, पडद्यावरची तलवार टाका!' पण अभ्यासाशिवाय लिहायचं नाही, हे पप्पांचं तत्त्व. म्हणून मी थोरल्या भावाचा, सुजितदादाचा, जुना लॅपटॉप मागितला. त्याची बॅटरी कधीच मेलेली, वायर लावली तरच तो जिवंत. नवे गेम त्याला पेलत नव्हते. जुने मात्र चालत होते, एखादं पात्र होऊन गावोगाव हिंडायचं, लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि ती सोडवायची, अशा तऱ्हेचे. गल्लीतली सगळी पोरं लहानपणी हे खेळली, तेव्हा मी पप्पांबरोबर पत्रकं वाटत होते. मराठवाड्याच्या अनुशेषावर मी हिरीरीनं लिहिलंय. माझ्या आयुष्यातही एवढा मोठा अनुशेष पडलाय, हे मला तेव्हा कळलं!

सुरुवात तत्त्वानं केली. पहिल्याच गेममध्ये एक राजा म्हणतो, "माझ्यासाठी लढशील का?" खाली दोन पर्याय: होय, नाही. मी बाणेदारपणे 'नाही' दाबलं. राजा पुन्हा म्हणाला, "माझ्यासाठी लढशील का?" मी पुन्हा 'नाही'. अख्खी दुपार आमचं हेच चाललं. असा निर्लज्ज राजा मी पाहिला नव्हता. निवेदन दिल्यावर साहेबसुद्धा एवढ्या वेळात उठून जातो! शेवटी मी 'होय' म्हटलं. (डावपेच म्हणून.)

मग कळलं, की या खेळांत नायकाने लोकांच्या घरात खुशाल शिरायचं असतं. मडकी फोडायची, पेट्या उघडायच्या, सापडेल ते खिशात घालायचं. घरवाले शेजारी उभे राहून हवापाण्याचं बोलत असतात! पहिल्या गावात मी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या गावात एक मडकं फोडलं, फक्त अभ्यासासाठी. तिसऱ्या गावात गरिबाच्या घरात एकही मडकं धड उरलं नाही. ही माझी वैचारिक वाटचाल!

त्याच सुमारास सुजितदादाचं लग्न जुळत आलं होतं. मुलगी, ऋतुजा, देवगाव रंगारीची. एका रविवारी तिचे आईवडील घर बघायला येणार होते. ऋतुजालाही आणाच, हा हट्ट माझा. (मुलीनेही घर बघितलं पाहिजे, यावर माझं पत्रक आहे.) आदल्या दिवशी, शनिवारी, पाण्याची पाळी होती. दादा कंपनीत, आई-पप्पा पडदे आणि कपबशा आणायला गुलमंडीत. आई जाताना तीनतीनदा बजावून गेली.

"प्रज्ञा, अंगणातला नळ उघडा ठेवलाय, खाली बादली हाय. पाणी पडल्याचा आवाज आला की नळ बंद करायचा, मोटर लावायची, टाकी भरायची. पाव्हण्यांचा पहिला सवाल पाण्याचाच राहतोय, ध्यानात ठेव!"

"आई, या शहरात पाण्याबद्दल मला कुणी शिकवावं?" मी म्हणाले.

"तेच तर भ्याव हाय," आई म्हणाली.

ती गेली आणि मी लॅपटॉप उघडला. आता मी आटलेल्या गावात पोचले होते. तिथल्या एका म्हातारीने मला सांगितलं, "लेकरा, विहीर कोरडी पडली. डोंगरातल्या राक्षसाने झरा अडवलाय. पाणी तूच आणशील." माझं रक्त सळसळलं. असा विषय आणि मी मागे राहणार? तडक गुहेत शिरले! या जुन्या खेळांत वाटेल तिथे खेळ सेव्ह करता येत नाही, त्यासाठी ठराविक दगड असतात. गुहेच्या तोंडाशी तसा एक होता. मी त्याच्याजवळ थांबले नाही. जनता तहानलेली असताना दगडापाशी कोण थांबतो!

राक्षसाशी लढाई सुरू झाली. या खेळांत सगळं पंगतीच्या शिस्तीत: आधी तो एक वार करणार, मग मी, मग पुन्हा तो. फार वेळखाऊ, पण फार सभ्य. लढता लढता मला पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मंद, मग मोठा, मग धो धो. मी थक्क झाले. इतका जुना खेळ, आणि आवाज किती जिवंत! झरा जवळ आल्याची खूण! मी दुप्पट जोराने लढले. राक्षस कोसळला, भिंत फुटली, निळंशार पाणी गावाकडे धावलं. मी खुर्चीवर उभी राहून मूठ उंचावली.

आणि पाण्याचा आवाज थांबला.

पडद्यावर झरा वाहत होता, पण मुक्यानं. तो लॅपटॉप मुळातच मुका आहे, हे मला त्या क्षणी आठवलं.

"अगे ओ प्रज्ञा!" बाहेरून खालांची हाक. "नल गया! टंकी भरी क्या तुमारी?"

मी धावले. पाय वायरीत अडकला, लॅपटॉप मिटल्या डोळ्यासारखा काळा झाला. अंगणात बादली काठोकाठ भरलेली, आणि तिच्यावरून वाहिलेलं आठवड्याचं पाणी अंगण ओलांडून, पायरी उतरून, नालीत गेलेलं.

"खाला, तुम्हाला दिसलं नाही?" मी कळवळून विचारलं.

"दिखा ना! पर मैं सोची, तू आंगन धोरी. तू परचे में लिखी थी ना, पानी बहाने वाला दुश्मन? तो ये लड़की कायको बहाएगी बोलके मैं अपना भरने लगी!"

माझ्यावरच्या विश्वासाने माझा घात केला!

आई-पप्पा आले. आईने कपबशा खाली ठेवण्याआधी विचारलं, "आलं का पाणी?"

"आलं."

"भरलं?"

"गेलं."

"भरून गेलं का तसंच गेलं?"

मी नालीकडे बोट दाखवलं. पप्पा ओल्या अंगणाकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "पत्रकात थेंबाचं लिहिलं होतंस. टाकीचं राहून गेलं असंल." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आयुष्यभर ज्यांच्या मागे पत्रकं घेऊन चालले, त्यांनी माझ्याकडे न बघता ती एकुलती एक बादली उचलून आत नेली. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

रविवारी खालांनी दोन हंडे दिले, त्यावर स्वयंपाक झाला. दादाने सगळ्यांना दम भरला: "टाकीचा विषय निघाला तर मोटर जळाली म्हणायचं. प्रज्ञा, तू तर तोंडच उघडू नकोस!"

पाहुणे आले. ऋतुजाचे वडील चपला काढून थेट हात धुवायला बेसिनपाशी गेले. तोटी फिरवली. नळ नुसता घशात खाकरला.

"टाकी रिकामी दिसती," ते म्हणाले.

"मोटर जळाली ना, काका!" दादा चटकन म्हणाला.

"जळाली?" काकांचा चेहरा उजळला. "आवं, मग सांगायचं नाय का! विहिरीवरच्या मोटरी बघण्यात आमची जिंदगी गेली. कुठंय?"

"राहू द्या काका, चहा..."

"चहा पळून चाललाय व्हय?" असं म्हणत ते अंगणात गेले आणि त्यांनी बटण दाबलं. मोटर इतक्या आनंदानं घुरघुरली, की जणू कालपासून ती याचीच वाट बघत होती.

"मोटर तर लई झकास हाय की!" काकांनी बटण बंद केलं आणि दादाकडे बघितलं. दादाने आईकडे. आईने भिंतीकडे. सोयरीक त्या अंगणात, काल भिजलेल्या फरशीवर घसरत होती, हे मला स्पष्ट दिसलं.

"काका," मी म्हणाले, "मोटर चांगली आहे. मी बिघडलेय. काल पाणी आलं होतं. मी गेम खेळत बसले आणि ते वाहून गेलं. दादाने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

ऋतुजाच्या आईने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "गेम? अगं बाई, वय काय तुमचं!"

"कुठला गेम?" हा प्रश्न ऋतुजाचा. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. मी खाली मान घालून आटलेलं गाव, म्हातारी, राक्षस, सगळं सांगितलं.

"आन गुहेच्या तोंडाशी सेव्ह केलं होतं ना?"

"नाही. मग वायर निघाली."

"अरारारा!" ऋतुजाने कपाळाला हात लावला. "म्हंजे तिकडचं पाणी बी गेलं!"

दोन दिवसांत मला मिळालेली ती पहिली खरी सहानुभूती! काका मात्र हसत सुटले.

"ही तरी कुठं कमी हाय? शेतातली लाईट ठरल्या वेळेलाच येती. हिला मोटर चालू करायला पाठवली, तर लाईट येऊन गेली, आन ही बांधावर बसून मोबाईलवर राक्षस मारती! कांदं सुकलं की आमचं!" ते आईकडे वळले. "ताई, पाण्याचं कळलं. खरं बोलायला घाबरत नाय, ते बी कळलं. दोन्हीकडं सारखाच माल हाय. पुढचं बोलू."

लग्न झालं. वहिनी आल्या. पाण्याच्या दिवशी आई आता आम्हा दोघींना घराबाहेर अंगणात बसवते आणि नळाची राखण स्वतः करते. आमच्या हातात फक्त हंडे असतात. गेमवरच्या त्या मथळ्याखालचा कागद अजून कोराच पडलाय, अभ्यास लांबलाय.

त्या आटलेल्या गावात मात्र मी अधूनमधून जाते. तिथल्या म्हातारीला मागचं काहीच आठवत नाही. मला बघून ती दर वेळी नव्या विश्वासाने म्हणते, "लेकरा, पाणी तूच आणशील." पाण्याच्या बाबतीत माझ्यावर भरवसा ठेवणारी एवढी एकच बाई आता जगात उरलीय, आणि तीसुद्धा, मी सेव्ह करत नाही म्हणून!