मधुकररावांच्या दगडाची तपासणी

दिनकर पांढरीपांडे गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, अमेरिकेतल्या नोव्हाय इथल्या राहत्या घरी वारले. मूळचे नागपूरचे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून ते धातुतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले होते. आमचं घर त्यांच्या शेजारी. सापडलेले काळे, जड दगड घेऊन लोक त्यांच्या गॅरेजमध्ये येत. आकाशातून पडलाय का, एवढंच विचारत. ते चुंबक लावून पाहत, फरशीच्या खरबरीत पाठीवर दगड घासून रेघेचा रंग बघत, पाण्यात बुडवून वजन करत. चुंबक चिकटला की आणणारा खूश होई. "चुंबक माझ्या फ्रीजलाही चिकटतो," ते म्हणत. त्यांनी कुणाला 'हो' म्हटल्याचं मला माहीत नाही.

त्यांनी तपासलेला शेवटचा दगड सुलभावहिनींचा. वहिनींचे पती मधुकर सावदेकर हे पांढरीपांड्यांचे कारखान्यातले मित्र. इथल्याच एका शेताच्या कडेला सापडलेला तो दगड मधुकरराव सगळ्यांना उल्का म्हणून दाखवत. ते गेल्यावर वहिनींनी तो देव्हाऱ्यात ठेवला, रोज हळदकुंकू वाहिलं. यंदा त्यांचा मुलगा निखिल याने तो इथल्या लायब्ररीला द्यायचं ठरवलं, वडिलांच्या नावाच्या पाटीसह. "काका, जस्ट कन्फर्म करा. तुमचं एक वाक्य त्यांना पुरेल," तो म्हणाला.

पांढरीपांडे तेव्हा केमो घेत होते. बाहेरून केलेल्या चाचण्यांनी निकाल लागेना. कोपरा कापून आत बघणं भाग होतं. वहिनींनी साफ नकार दिला. पूजेतली वस्तू खंडित कशी करायची?

"भावजी, मित्रासाठी एकदा हो म्हणालात तर तुमचं काय जातं?"

"माझं आता काय जायचंय, वहिनी... पण उद्या कुणी जाणकार बघून हसला, तर पाटीवर नाव मधुकरचं असेल."

"काका, लायब्ररीत कोण चेक करणारे?" निखिल म्हणाला.

"मी करतोय ना."

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. गणपती विसर्जनाआधी करतात तशी त्यांनी उत्तरपूजा केली होती; अक्षता वाहून दगड जागचा हलवला होता. "आता तो नुसता दगड. कापा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः पंच्यात गुंडाळून घेऊन आल्या.

करवत घ्यायला निखिल पुढे झाला, तेव्हा पांढरीपांडे म्हणाले, "तू फक्त दगड धर." हिऱ्याचं पातं लावलेली करवत त्यांनी स्वतः चालवली. दोनदा खुर्चीत बसले, पुन्हा उठले... कापलेली बाजू धुतल्यावर त्यांनी भिंग वहिनींच्या हातात दिलं. आत बुडबुड्यांची भोकं होती.

"उल्केत अशी भोकं नसतात. हा स्लॅग आहे. लोखंड वितळवताना वर येणारा मळ. इथल्याच कुठल्या तरी भट्टीतला."

वहिनींनी भिंग परत दिलं. "म्हणजे पाटी नाही."

"पाटी का नाही? खरी लावा."

"खोटी उल्का कोण ठेवून घेणार, काका?"

"मी बोलतो."

ते लायब्ररीशी दोनदा बोलले, दुसऱ्यांदा हॉस्पिटलमधून.

गेल्या आठवड्यापासून तो दगड आणि त्याचा कापलेला कोपरा लायब्ररीतल्या काचेच्या कपाटात आहेत. खाली इंग्रजी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय: शोधणारे मधुकर सावदेकर, तपासणारे दिनकर पांढरीपांडे. हा उल्कापाषाण नाही.